लेखनसीमा आणि अखंड स्क्रोल : सामाजिक माध्यमांच्या रचनेतील विरामाचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

सामाजिक माध्यमांच्या परिणामांविषयी अलीकडे जे लेखन झाले आहे त्याचा फार मोठा भाग वापरणाऱ्याच्या स्वभावाविषयी आहे. तरुणांचा संयम सुटला, वाचनाची सवय मोडली, घरातील बोलणे आटले, अशी विधाने त्यात वारंवार येतात आणि उपाय म्हणून मनोनिग्रहाचा उपदेश केला जातो. त्या उपदेशाचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि ज्या वस्तूच्या बाबतीत हा संयम दाखवावयाचा ती वस्तू कशी घडली, कोणत्या काळी घडली, तिच्या घडणीत काय घातले गेले आणि काय काढून टाकले गेले, याचा विचार या लेखनात क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात तो विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करू. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जो दिसणारा व हाताळता येणारा थर असतो, म्हणजे पडद्यावरील मांडणी, कळा, खुणा, सूचना इत्यादी, त्यास येथे ‘इंटरफेस’ म्हटले आहे. आणि वाचणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने पुढे जाण्यापूर्वी जेथे स्वाभाविकपणे थांबावे अशी जी जागा रचनेतच ठेवलेली असते, तिला ‘विराम’ म्हटले आहे. विराम हा शब्द व्याकरणातून घेतला असला तरी त्याचा अर्थ येथे विरामचिन्हांपुरता मर्यादित नाही. ग्रंथाचे पान संपणे, पत्राखाली मुद्रा उमटणे, वर्तमानपत्राचा अंक वाचून घडी होणे, ही सर्व विरामाचीच रूपे होत.

मराठीत आपण ‘लक्ष देणे’ असे म्हणतो, आणि ‘लक्ष वेधणे’ असेही म्हणतो. हे दोन्ही प्रयोग इतके रुळलेले आहेत की त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. पहिल्यात वाचक अथवा श्रोता हा कर्ता आहे. लक्ष त्याचे, आणि देणाराही तोच. दुसऱ्यात कर्ता दुसराच कोणी असून श्रोत्याचे लक्ष हे नेमबाजाच्या लक्ष्यासारखे वेधले जाते. सजग वापरासाठी इंटरफेसची रचना कशी असावी, हा आज जगभर चर्चिला जाणारा प्रश्न या दोन प्रयोगांच्या भाषेत मांडता येतो. पडद्यापुढे बसलेला माणूस या दोहोंपैकी कोणत्या वाक्यात उभा आहे? माझे प्रतिपादन असे की, ते वाक्य बहुतांशी विरामांच्या जागांवरून ठरते; २००६ ते २००९ या अल्प काळात ह्या जागा एकामागून एक नाहीशा झाल्या; आणि २०१८ नंतर त्यांपैकी काही परत आल्या त्या एका मोठ्या अनर्थानंतर आल्या.

२. पूर्वपीठिका

विराम लिपीतच असावा लागतो असे नाही, हे दाखवावयास मोडी पत्रव्यवहाराचे उदाहरण पुरेसे आहे. मोडी लेखक प्रथम ओळीची आडवी रेघ सलग ओढून घेई व तिच्याखाली अक्षरे शक्य तितका हात न उचलता लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता आणि विरामचिन्हेही नव्हती. वाक्य कोठे संपले ते अर्थावरून व क्रियापदाच्या रूपावरून ओळखावे लागे. असे असूनही पत्र कोठे संपले याविषयी संशय राहत नसे. कारण मजकूर संपताच त्याखाली मर्यादेची मुद्रा उमटविली जाई. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आढळते. पेशवाईतील मुद्रांत ‘लेखनसीमा’ असे शब्द येतात. या मुद्रेचे प्रयोजन दुहेरी होते. पत्र येथे पुरे झाले असे ती वाचणाऱ्यास सांगे, आणि तिच्याखाली कोणास काही वाढविता येऊ नये याचीही तजवीज करी. म्हणजे ज्या लेखनपद्धतीत अक्षरांचा ओघ जवळजवळ अखंड होता, तीत शेवट दाखविण्याचे काम लिपीने केले नाही. ते दप्तराच्या शिस्तीने केले.

छपाईबरोबर विरामाची व्यवस्था पालटली. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी या चिन्हांची पद्धती मराठी वाचकांपुढे मांडली आणि शालेय पुस्तकांच्या द्वारे ती सर्वत्र पसरली. पूर्वी अर्थाकडे पाहून जे थांबणे वाचकाकडे सोपविलेले होते ते आता कागदावर ठिपक्यांच्या व दंडांच्या रूपाने दिसू लागले. पान, प्रकरण, अंक, आवृत्ती ही छापील वस्तूची एककेही अशीच थांब्याच्या जागा होत. सकाळचे वर्तमानपत्र वाचून संपते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते संपलेलेच राहते. हा त्याचा गुण आहे असे तेव्हा कोणास वाटले नसेल. ती कागदाची मर्यादा मानली जात होती.

संगणकाच्या पडद्यावर प्रथम हीच एकके आली. १९९० नंतरच्या दशकातील संकेतस्थळांवर मजकूर पानांत विभागलेला असे आणि तळाशी पुढील पानाची कळ असे. लक्ष ही मर्यादित वस्तू आहे, ही जाणीवही त्या काळी नवी नव्हती. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखविले होते की, माहिती विपुल झाली म्हणजे ती ज्या वस्तूचा व्यय करते ती वस्तू, म्हणजे ग्रहण करणाऱ्याचे लक्ष, दुर्मीळ होते. १९९५ साली मार्क वाइझर व जॉन सीली ब्राउन यांनी ‘शांत तंत्रज्ञान’ ही कल्पना मांडली. एखादे साधन गरजेच्या वेळी लक्षाच्या केंद्रस्थानी यावे आणि एरवी परिघावर स्वस्थ राहावे, असा तिचा आशय आहे. २००१ साली लार्स हॉलनेस व योहान रेडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी ‘मंद तंत्रज्ञान’ हा विचार पुढे आणून, मननास अवकाश देणे हेही रचनेचे उद्दिष्ट असू शकते असे प्रतिपादिले. तात्पर्य, पुढे जे घडले ते ज्ञानाच्या अभावी घडले असे म्हणता येत नाही.

३. विरामाचा लोप : २००६ ते २००९

या चार वर्षांत जे फेरफार झाले ते सुटे सुटे पाहिले असता अगदी सामान्य वाटतात. त्यांतील प्रत्येकामागे सोयीचा हेतू होता. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र त्यांपैकी कोणा एकाच्याही हेतूत नव्हता.

पहिला फेरफार फेसबुकच्या मांडणीतील होय. ५ सप्टेंबर २००६ पर्यंत एखाद्या मित्राची वार्ता हवी असेल तर त्याच्या पृष्ठावर जावे लागे. त्या दिवसापासून ‘न्यूज फीड’ सुरू झाले आणि सर्व मित्रांच्या हालचाली एका प्रवाहात आपोआप समोर येऊ लागल्या. विद्यार्थिवर्गाने मोठा विरोध केला. निषेधाचे गट त्याच माध्यमावर स्थापन झाले आणि काही दिवसांत त्यांत लक्षावधी सभासद जमले. आक्षेप मुख्यतः खासगीपणाच्या भंगाविषयी होता. कंपनीने खासगीपणाची काही नियंत्रणे दिली व प्रवाह तसाच ठेवला. यात झालेला दुसरा पालट त्या वेळी फारसा चर्चिला गेला नाही. पूर्वी वाचक कोणाकडे तरी जात होता. आता वार्ता त्याच्याकडे येऊ लागली.

त्याच वर्षी एझा रास्किन यांनी अखंड स्क्रोलची रचना केली. पृष्ठाचा तळ जवळ येताच पुढील मजकूर आपोआप जोडला जावा, अशी ही युक्ती आहे. एझा हे मॅकिंटॉश प्रकल्पाचा आरंभ करणारे जेफ रास्किन यांचे पुत्र. इंटरफेस मानवी स्वभावास अनुकूल असावा हा विचार त्यांना घरातूनच मिळालेला होता. यंत्राला जे समजू शकते ते माणसाला पुन्हा विचारू नये, असे या युक्तीचे तत्त्व होते. या तत्त्वात वरवर काही वावगे दिसत नाही. पण ‘पुढील पान’ ही कळ म्हणजे केवळ अडथळा नव्हता. तो एक प्रश्न होता, ‘आणखी हवे काय?’ त्याचे उत्तर देण्यापुरता तरी वाचक कर्ता होत असे. प्रश्नच नाहीसा झाल्यावर होकार गृहीत धरला गेला. रास्किन यांनी पुढे या रचनेविषयी जाहीर खेद व्यक्त केला आहे.

२००८ साली लॉरेन ब्रिक्टर यांच्या ‘ट्वीटी’ या ॲपमध्ये पडदा बोटाने खाली ओढून नवा मजकूर आणण्याची पद्धत आली. तीत दर ओढीस काही नवे मिळेलच असे नसते. कधी मिळते, कधी मिळत नाही. बक्षीस अनियमितपणे मिळत राहिले म्हणजे कृती अधिक चिकाटीने होत राहते, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांच्या आधारे विस्ताराने दाखविलेले आहे. ब्रिक्टर यांचा असा काही हेतू होता असे मानण्यास आधार नाही. परंतु रचना हेतूच्या अनुरोधाने चालतेच असे नाही.

९ फेब्रुवारी २००९ रोजी फेसबुकवर ‘लाईक’ची कळ आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्विटरने रीट्वीटची कळ देण्यास आरंभ केला. या दोहोंचा विचार भाषेच्या अभ्यासकाने विशेष करावयास हवा, कारण दोन्ही कळा एकेका वाक्प्रकाराच्या जागी आल्या. ‘लाईक’पूर्वी संमती दाखवावयाची तर काहीतरी लिहावे लागे. रीट्वीटपूर्वी दुसऱ्याचे वचन पुढे द्यावयाचे तर ‘आरटी’ ही दोन अक्षरे व मूळ लिहिणाऱ्याचे नाव आधी घालून मजकूर उतरवून घ्यावा लागे; शिवाय तो १४० अक्षरांत बसत नसल्यास त्यात काटछाट करावी लागे. हे काम नकलनविसाचे होते. नक्कल करताना वचन एकदा तरी डोळ्यांखालून जाते. कळ आल्यावर ही गरज उरली नाही. ही कळ तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख क्रिस वेदरेल यांनीही २०१९ मधील एका मुलाखतीत आपल्या कामाविषयी पश्चात्ताप बोलून दाखविला.

हे सर्व का टिकले याचे उत्तर अर्थव्यवहारात आहे. या माध्यमांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते आणि जाहिरातीचे मोल वाचक किती वेळ समोर आहे यावर ठरते. मन वळविण्याच्या यंत्रशास्त्राचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी १९९८ पासून चालविला होता. त्यांच्या २००३ च्या ग्रंथात या शास्त्राच्या नीतीविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या ग्रंथातील तंत्राचा भाग उद्योगाने उचलला. नीतीच्या भागाला तशी मागणी आली नाही.

४. ‘म्हणे’चा लोप आणि राईनपाडा

येथवर ज्या विरामांचा विचार केला त्यांच्या लोपाने मुख्यतः वाचणाऱ्याचा वेळ खर्ची पडला. संदेश पुढे पाठविण्याच्या क्रियेतील विराम नाहीसा झाला तेव्हा प्रश्न वेळेपुरता राहिला नाही.

ऐकीव गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘म्हणे’ हा शब्द वाक्यास जोडतो. ‘पलीकडच्या गावात चोर आले’ आणि ‘पलीकडच्या गावात चोर आले म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे, पण दुसऱ्यात बोलणाऱ्याने आपली साक्ष काढून घेतली आहे. मी पाहिले नाही, मी ऐकले, असे तो सांगतो. हा लहानसा अव्ययवत् शब्द समाजातील अफवांवर मोठे काम करतो. ऐकणाऱ्यास तो ‘कोण म्हणाले?’ असे विचारण्याची जागा ठेवतो. व्हॉट्सॲपवरील फॉरवर्ड केलेल्या संदेशात जुलै २०१८ पर्यंत ही जागा नव्हती. पुढे पाठविलेला मजकूर आणि पाठविणाऱ्याने स्वतः लिहिलेला मजकूर पडद्यावर सारखाच दिसे. मामाच्या नावाखाली आलेला संदेश मामाचाच वाटे.

याला दुसऱ्या एका भाषिक गोष्टीची जोड मिळते. ‘आपल्या भागात’, ‘काल रात्री’, ‘इथे’ यांसारख्या पदांना स्वतःचा स्थिर अर्थ नसतो. बोलणारा कोण, कोठे व केव्हा बोलतो यावरून तो ठरतो. तोंडी सांगण्यात हे सर्व समोर असते. हस्तलिखिताच्या शेवटीही लेखक पुष्कळदा आपले नाव, गाव व तिथी नोंदवीत असे. फॉरवर्डमध्ये मूळ लिहिणारा, स्थळ व दिवस गळून पडतात आणि ‘आपला भाग’ दर वेळी वाचणाऱ्याचा भाग होतो. पाचशे कोसांवरची आणि सहा महिन्यांपूर्वीची वार्ता अशा रीतीने काल रात्रीची व शेजारच्या वाडीतली होऊन बसते.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा भारताच्या अनेक राज्यांत पसरल्या. त्यांबरोबर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारार्थ तयार केलेली होती. मुळात तिच्या शेवटी मोटारसायकलवरील माणसे मुलाला परत आणून सोडतात व पालकांस सावध राहण्याचा संदेश दिसतो. फिरत असलेल्या प्रतीत हा शेवट कापलेला होता. लेखनसीमा पुसली असता मजकुराचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या दिवशी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे भिक्षेसाठी तेथे आली होती. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातली होती. मुले पळविणारे असा त्यांच्यावर संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले आणि पाचही जण मरण पावले. परिसरात तत्पूर्वीच्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून अशा टोळीविषयीचे संदेश फिरत होते. केवळ इंटरफेसच्या रचनेमुळे हे घडले असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. भटक्या समाजांविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संशय, पोलिसांवरील अविश्वास आणि जमावाचे मानसशास्त्र ही कारणे त्यामागे आहेतच. गुन्ह्याची जबाबदारी करणाऱ्यांचीच राहते. पण तो संशय दाराशी असताना ‘कोण म्हणाले?’ हा प्रश्न पडण्याची जागा ज्या साधनाने पुसली होती, त्या साधनाच्या रचनेचा विचार या घटनेवाचून पुरा होत नाही.

५. विरामाचे पुनरागमन

भारत सरकारने कंपनीकडे खुलासा मागितला. १० जुलै २०१८ रोजी व्हॉट्सॲपने भारतीय वर्तमानपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या आणि त्याच सुमारास पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ही खूण म्हणजे ‘म्हणे’चेच पुनरुज्जीवन होय. त्याच महिन्यात, भारतापुरती, एका वेळी पाचच जणांस किंवा गटांस संदेश पुढे देता येईल अशी मर्यादा घातली गेली आणि चित्रफितीशेजारील झटपट फॉरवर्डची कळ काढून टाकण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीच्या आरंभी, जो संदेश पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण जगात ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले.

आकडा कंपनीचाच आहे, आणि घटलेल्या संदेशांत खोटे किती व निरुपद्रवी किती हे त्यावरून कळत नाही. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील मजकूर पाठविणारा व घेणारा यांखेरीज कोणास वाचता येत नाही, अशी सांकेतिक व्यवस्था पूर्ण झाली होती. म्हणून येथे जो उपाय योजला तो मजकुराच्या परीक्षणाचा नव्हता; तो केवळ गतीचा होता. कोणाचे पत्र न फोडता त्याची चाल मंद करता येते, हे या प्रयोगाने दाखविले.

ट्विटरवरील दोन प्रयोग याच काळातले आहेत. जून २०२० मध्ये, न उघडलेला लेख कोणी पुढे देऊ लागल्यास ‘आधी वाचावयाचा आहे काय?’ अशा अर्थाची विचारणा दाखविण्यास आरंभ झाला. सप्टेंबरात कंपनीने सांगितले की, ही विचारणा पाहिल्यानंतर लोक ४० टक्के अधिक वेळा लेख उघडतात. रास्किन यांच्या युक्तीने जो प्रश्न काढून टाकला होता त्याच जातीचा प्रश्न चौदा वर्षांनी परत आला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रयोग अधिक उद्बोधक आहे, कारण तो फसला. ऑक्टोबर २०२० मध्ये, अमेरिकेतील निवडणुकीपूर्वी, रीट्वीटची कळ दाबताच स्वतःचे शब्द जोडण्याची चौकट आधी पुढे यावी अशी योजना झाली. लोक विचार करून लिहितील ही अपेक्षा होती. डिसेंबरात ती मागे घेताना कंपनीने निष्कर्ष दिले. पुढे देण्याचे एकूण प्रमाण २० टक्क्यांनी घटले. पण जोडलेल्या मजकुरांपैकी ४५ टक्क्यांत होकाराचा एकच शब्द होता आणि ७० टक्के मजकूर २५ अक्षरांहून लहान होते. म्हणजे चौकटीने वेग कमी केला, विचार वाढविला नाही. रिकामी जागा भरावयाची आहे एवढेच कळले की माणूस ती भरून टाकतो. सरकारी अर्जातील ‘शेरा’ या रकान्याचा अनुभव याहून निराळा नाही. विराम म्हणजे भरावयाचा रकाना नव्हे, हा धडा यातून मिळतो.

तिसरा प्रकार केवळ माहिती देणाऱ्या विरामांचा. मे व जून २०१८ मध्ये गूगल व ॲपल यांनी भ्रमणध्वनीच्या वापराचा वेळ मोजून दाखविणारी साधने जाहीर केली. ऑगस्टात फेसबुक व इन्स्टाग्राम यांनीही तसेच केले. ट्रिस्टन हॅरिस यांनी २०१३ साली गूगलमध्ये असताना वापरणाऱ्याच्या लक्षाचा आदर करण्याविषयी जे टिपण सहकाऱ्यांत फिरविले होते, त्यातून निघालेल्या चळवळीचा हा दृश्य परिणाम म्हणावयास हरकत नाही. जुलै २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने याहून धीट पाऊल टाकले. गेल्या दोन दिवसांतील सर्व नवे पाहून झाले म्हणजे ‘तुम्ही सर्व पाहिले आहे’ अशा अर्थाची खूण प्रवाहात येऊ लागली. अखंड स्क्रोलमध्ये उमटलेली ही पहिली लेखनसीमा होय. ती फार दिवस टिकली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच खुणेच्या खाली, अनुसरण न केलेल्या खात्यांचा ‘सुचविलेला’ मजकूर सुरू झाला. मर्यादेची मुद्रा उमटली होती खरी. पण तिच्याखाली मजकूर वाढविण्याचा अधिकार ज्याने ती उमटविली त्याच्याकडेच राहिला होता.

६. मर्यादा घालण्याचा अधिकार

येथे विषय रचनेच्या कौशल्यातून बाहेर पडून अधिकाराच्या प्रश्नाशी येतो. वर सांगितलेले सर्व विराम कंपन्यांनी घातले आणि त्यांनीच वाटेल तेव्हा काढले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली व १३ प्रकार नमूद केले. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, सतत पिच्छा पुरविणे असे हे प्रकार आहेत. त्यांचा रोख खरेदी-विक्रीवर आहे. अखंड स्क्रोल त्या यादीत नाही. ग्राहकाचा पैसा हिसकावला जाणे कायद्यास दिसते. लक्ष हिसकावले जाणे अद्याप तसे दिसत नाही.

या संदर्भात सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. करोनाच्या काळात शाळा पडद्यावर गेल्या आणि त्या पुन्हा भरू लागल्यानंतरही मुलांच्या हातातील भ्रमणध्वनी सुटेनात. तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने असा नियम केला की, सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि ८॥ वाजता पुन्हा वाजेपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद राहावेत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी सुरुवातीस घरोघर फिरून हा नियम अंगवळणी पाडला. यात कोणत्याही ॲपचे एक अक्षरही बदललेले नाही. मोडी पत्रात लिपीने जे केले नाही ते दप्तराच्या शिस्तीने केले. वडगावात इंटरफेसने जे केले नाही ते गावाच्या शिस्तीने केले. विराम एकट्याने पाळणे कठीण जाते, कारण शेजारी जागा असताना आपण मागे पडू असे वाटते. सर्वांनी एकदम पाळला म्हणजे तो सोपा होतो, हे या भोंग्याचे मर्म आहे.

तथापि या उपायाची सीमाही स्पष्ट आहे. एका गावाची दीड तासाची शिस्त दुसऱ्या गावात जन्मलेली अफवा थोपवू शकत नाही. राईनपाड्यास हव्या असलेल्या विरामाची जागा संदेश पुढे देण्याच्या क्रियेत होती, आणि ती जागा कंपनीच्या हाती होती.

७. समारोप

या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वाचणाऱ्यास त्याच्या वर्तनाची माहिती देणाऱ्या विरामापेक्षा क्रियेच्या ऐन क्षणी येणारा विराम अधिक परिणामकारक ठरल्याचा पुरावा आहे. दुसरा, विराम हा खराच प्रश्न असावा लागतो. त्याचे उत्तर ‘नको’ असेही देता आले पाहिजे, नाहीतर तो भरावयाचा रकाना होतो. तिसरा, विराम घालणारा व काढणारा एकच असेल आणि काढण्यात त्याचा लाभ असेल, तर तो विराम टिकाऊ मानता येत नाही.

शेवटी संशोधकांपुढील एका अडचणीचा निर्देश करणे अवश्य आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. अठराव्या शतकातील एखाद्या पत्राखाली कोणती मुद्रा होती हे आपण आजही मूळ कागद पाहून सांगू शकतो. २०१८ च्या जून महिन्यात एखाद्या खेड्यातील भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पडद्यावर नेमका कसा दिसत होता, हे मात्र आज तेच ॲप उघडून पाहता येत नाही. नवी आवृत्ती आली की जुनी मिटते आणि तिचे दप्तर सार्वजनिक नसते. इंटरफेसच्या आवृत्त्या, त्यांतील मराठी शब्दयोजना आणि त्यांचे दिनांक यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम भाषा व इतिहास या दोन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थी मिळून करू शकतील. ते न झाल्यास पाच माणसांच्या मृत्यूस साह्यभूत झालेल्या लेखनपद्धतीचा मूळ पुरावा पुढील अभ्यासकास केवळ ऐकीव म्हणून मिळेल, आणि त्याला आपल्या प्रत्येक विधानापुढे ‘म्हणे’ जोडावे लागेल.